तळटीप क्रमांक सात

लिबाओन
३ ऑगस्ट २०१६

दोदोंग रेनान्ते,

फोन करत नाहीये, पत्र लिहितेय. फोनवर तू "हो तिया, हो तिया" म्हणतोस आणि पलीकडे तुझी बोटं टकटक टकटक चालूच असतात. कागद समोर असला की निदान वाचावा तरी लागेल. शिवाय माझा उजवा कान आता पार गेलाय.

गावात दगड उभा राहतोय. 'बितुओन दोस' बोट बुडाली त्याला यंदा पंधरा वर्षं झाली ना, म्हणून. धक्क्याजवळ, पूर्वी तिकिटाची खोली होती तिथेच. काळा, उंच, चांगला गुळगुळीत दगड. गेलेल्या सगळ्यांची नावं त्यावर कोरायची आणि एक नोव्हेंबरला सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला बाहेर पडतं तेव्हा फादर क्रिसान्तोंनी त्यावर तीर्थ शिंपडायचं, असं ठरलंय.

एकसष्ट नावं आहेत. मी यादी बोट ठेवून वाचली, दोनदा वाचली. तुझ्या तियो लाउरोचं, बोटीच्या कप्तानाचं, नाव नाही.

ज्याचं प्रेत मिळालं नाही, ज्याला कबर नाही, त्याचं नाव तेवढं वगळलं. पंधरा वर्षं मी त्याची मेणबत्ती धक्क्यावर पत्र्याच्या डब्यात लावतेय आणि दर वर्षी वारा ती विझवतो. मला वाटलं होतं, आता निदान टेकवायला एक जागा होईल.

समितीत जाऊन विचारलं. माएस्त्रा लेतिंग सचिव आहे, तुला चौथीत शिकवायची ती. निवृत्त झाली तेव्हापासून अख्ख्या गावाला शिकवतेय. तिने फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "वाच सिदाद. हे मी म्हणत नाही, ज्ञानकोश म्हणतोय." आपल्या बोटीवर लेख आहे त्यात. आणि लेखात ही ओळ आहे: "प्रवासाच्या वेळी कप्तान मद्यधुंद अवस्थेत होता." ओळीच्या शेवटी बारीक सात आकडा.

लाउरो! मद्यधुंद! अरे, पोटाच्या ऑपरेशननंतर सांतो निन्योला नवस बोलला होता तो. अकरा वर्षं थेंब नव्हता घेतला. तू तर त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचास. तागायला बसले की दारूचा एकच पेला सगळ्यांत फिरतो, नको म्हटलं तर पाजणाऱ्याचा अपमान. म्हणून लाउरो पेला घ्यायचा, उचलून दाखवायचा, आणि "हे न दिसणाऱ्यांना" म्हणून सगळी मातीत ओतायचा. लोक हसायचे की लाउरोच्या अंगणातली गांडुळं गावात सगळ्यात सुखी. त्या दिवशी सान हुआनचा सण होता, धक्क्यावरही पेला फिरला असेल, त्याच्या हातात कुणी पाहिलाही असेल. तेवढ्यावरून?

तुझा बाप देल्फिन गावभर सांगत असतो, माझा मुलगा ज्ञानकोशाचा कारभारी आहे. मग बाबा, एवढं काम कर. ती एक ओळ पुसून टाक. खोडरबर लागत असेल तर मी पाठवते.

तुझी
तिया सिदाद


मनिला
१४ ऑगस्ट २०१६

प्रिय तिया सिदाद,

आशीर्वादासाठी तुमचा हात कपाळाला लावतो.

पत्र वाचून वाईट वाटलं. तियोंचं नाव दगडावर असायलाच हवं, यात मला शंका नाही. पण मी कारभारी आहे, मालक नाही. तिथे कुणीही लिहू शकतं, म्हणूनच नियम कडक ठेवावे लागतात. एखादी गोष्ट खरी आहे का, असं आम्ही विचारतच नाही. ती कुठे छापून आलीय का आणि छापणारा भरवशाचा, त्रयस्थ आहे का, एवढंच पाहतो. नाहीतर ज्याने त्याने आपापलं खरं आणून ओतलं असतं.

तो सात आकडा म्हणजे तळटीप. २०११ च्या जूनमध्ये 'बिसाया क्रोनिका'त दुर्घटनेला दहा वर्षं झाल्याचा लेख आला होता, आर्तेमियो कानोय यांचा. कप्तान प्यायलेला होता असं त्यात स्पष्ट लिहिलंय. चाळीस वर्षं चाललेलं वर्तमानपत्र. आमच्या मोजपट्टीने ते भरवशाचं.

दुसरं म्हणजे, कप्तान माझे सख्खे काका. नातेवाइकाने नातेवाइकाच्या लेखाला हात लावायचा नाही. या नियमावर मी स्वतः कितीजणांना हाकललंय, एका नगराध्यक्षाच्या जावयाला तर गेल्याच महिन्यात. आता मीच तसं करू?

राग मानू नका, पण तुमचं सांगणं म्हणजे पुरावा होत नाही, तिया. तुम्ही त्यांच्या पत्नी. तुम्हाला तटस्थ कोण म्हणेल? काही छापील, अधिकृत सापडलं तर बघा. लेखाच्या मागे चर्चेचं एक पान असतं, तिथे कुणाकडून तरी शांत शब्दांत लिहवून घ्या. मी लांबून लक्ष ठेवीन.

पपांना सांगा, गुडघ्याची गोळी बंद करू नका म्हणावं.

तुमचा
रेनान्ते


लिबाओन
३० ऑगस्ट २०१६

दोदोंग,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा समजलं नाही, दुसऱ्यांदा समजलं, तिसऱ्यांदा डोक्यात तिडीक गेली.

सव्वीस वर्षं मी त्या माणसाशेजारी झोपले. तोंडाला वास येतो की नाही हे मला कळत नाही, आणि ज्याने लिबाओनचा धक्का चित्रातही पाहिला नसेल त्या आर्तेमियोला कळतं? चांगली आहे तुमची मोजपट्टी!

पण ऐकलं तुझं. शेजारची मायलिन, आरोग्य केंद्रात नर्स आहे ती, तिच्या हातून त्या चर्चेच्या पानावर लिहवलं. एक शिवी नाही, एक उलट शब्द नाही. फक्त एवढंच, की मी त्यांची पत्नी, ते पीत नव्हते, कृपया तपासा. अर्ध्या तासात उत्तर. 'तटस्थ_नाविक' म्हणून कुणी आहे. "वैयक्तिक साक्ष ग्राह्य नाही. हितसंबंध उघड आहेत." खलास! मायलिनने शोधलं तर हा बाबा कुठल्यातरी थंड देशात राहतो आणि बुडालेल्या बोटींवर त्याने दीडशे लेख लिहिलेत. एवढ्या बोटी बुडाल्या आणि हा एकीतही नव्हता, हेच काय ते त्याचं तटस्थपण.

मी पण हार मानणारी नाही. चौकशीचा अहवाल मिळवलाय. कंपनीने दाबला होता तो, बोटीवरच्या माणसांच्या घरी तेवढी एकेक प्रत आली होती. माझी प्रत वाळवीने खाल्ली, म्हणून इंजिनियरच्या बायकोला, पासिताला, पेटी उपसायला लावली. सोबत फोटोकॉपी आहे. वाच. बोटीची परवानगी एकशे चाळीसची, आत दोनशे बारा माणसं. बोट कलंडली ती गर्दीने. सगळ्या पानांत दारू हा शब्द एकदाही आलेला नाही.

आता हे तरी अधिकृत आहे ना? शिक्का आहे बघ पहिल्या पानावर.

तिया सिदाद


मनिला
१६ सप्टेंबर २०१६

प्रिय तिया,

अहवाल मिळाला. तुमची धडपड पाहून खरंच कौतुक वाटलं.

पण अडचण सांगतो. हा अहवाल कधी प्रसिद्धच झालेला नाही. कुणाच्या पेटीतला कागद आम्हाला चालत नाही, वाचकाला तो पडताळून पाहता आला पाहिजे. शिवाय त्यात दारूचा उल्लेख नाही याचा अर्थ कप्तान शुद्धीत होता असा होत नाही. न लिहिलेली गोष्ट म्हणजे खंडन नव्हे. आणि तुम्ही पाठवलेल्या प्रतीत आठव्या पानानंतर एकदम दहावं आहे. नववं पानच नाही. अशा अपुऱ्या दस्तऐवजावर तटस्थ_नाविक काय म्हणेल ते मी आत्ताच सांगू शकतो.

तरीही मी गप्प बसलो नाही. चर्चेच्या पानावर सुचवलं की दोन्ही बाजू याव्यात. ते मान्य झालं. आता ओळ अशी आहे: "प्रवासाच्या वेळी कप्तान मद्यधुंद अवस्थेत होता. त्याच्या कुटुंबीयांनी हे नाकारले आहे." ही मधली वाट आहे, तिया. आमच्याकडे एवढं मिळवायला लोकांना वर्षं लागतात.

माएस्त्रा लेतिंगना ही नवी ओळ दाखवा. कदाचित त्या विचार करतील.

तुमचा
रेनान्ते


लिबाओन
२९ सप्टेंबर २०१६

रेनान्ते,

दाखवली. माएस्त्रा लेतिंगने भर बैठकीत मोठ्याने वाचली. "कुटुंबीयांनी नाकारले आहे." मग चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत म्हणाली, "कुटुंबीय नाकारणारच. तुरुंगातल्या प्रत्येकाची आई नाकारते." लोक हसले, दोदोंग. ज्यांच्या बाळंतपणात मी रात्र रात्र जागले त्या बायका हसल्या. तुझा बाप दुसऱ्या रांगेत होता, तो चपलेचा पट्टा नीट करत बसला.

पूर्वी नुसती खोटी ओळ होती. तू तिला माझ्या तोंडाचं झाकण लावून दिलंस. अशी मधली वाट मला पुन्हा नको देऊस.

आता ऐक, मी काय केलं ते. मी त्या आर्तेमियो कानोयला शोधून काढलं. दुमागेतेत राहतो, झुंजीचे कोंबडे पाळतो. त्याचं वर्तमानपत्र बंद पडून तीन वर्षं झाली. मी बोटीने गेले, पंधरा वर्षांत पहिल्यांदा बोटीत पाय ठेवला, पूर्ण वेळ डोळे मिटून जपमाळ धरून बसले होते. त्याने मला खुर्ची दिली, कॉफी दिली. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं की लाउरो प्यायला होता? तो लाजला. वाईट माणूस नाही. म्हणाला, "नांग सिदाद, संपादकाने दुपारी तीनला सांगितलं, पाचला लेख दे. लिबाओनला कोण जाणार? ज्ञानकोश उघडला आणि त्यातून उतरवलं." त्याने तसं सहीनिशी लिहून दिलंय, सोबत प्रत जोडलीय.

कळलं का तुला? त्याने तुमच्यातून घेतलं आणि तुम्ही त्याचं नाव खाली लावलंत. हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो ह्याच्याकडे. मध्ये माणूसच नाही!

म्हणजे २०११ च्या आधीच ती ओळ तिथे होती. तेव्हा सात आकडा नव्हता, काहीच नव्हतं. मग पहिल्यांदा लिहिली कुणी? मायलिन म्हणते, ज्ञानकोशात प्रत्येक शब्द कुणी कधी टाकला याची नोंद राहते, कधीच पुसली जात नाही. तिला वेळ झाला की शोधून देणार आहे.

सिदाद


मनिला
५ ऑक्टोबर २०१६

तिया,

घाईत लिहितोय. कानोय यांचा कागद वाचला. असं घडतं कधी कधी, आमच्यात त्याला नावही आहे. मी तो मुद्दा मांडलाय. पण वर्तमानपत्राने स्वतः दुरुस्ती छापलेली नाही, आणि ते बंद पडल्यामुळे आता छापणारही नाही. लेखकाने घरी बसून दिलेली चिठ्ठी कशी धरायची, यावर वाद चालू आहे. शिवाय ती माहिती आता आणखी दोन पुस्तकांत आणि नौकानयनाच्या कॉलेजच्या एका प्रबंधात गेलीय. तटस्थ_नाविक म्हणतो, चार ठिकाणी छापलंय, चारही कशी खोटी असतील?

मायलिनला त्या जुन्या नोंदी उकरायला लावू नका. हजारो ओळींचा पसारा असतो, बाहेरच्या माणसाला उमगत नाही. तिला बिचारीला पेशंट आहेत. मी बघतो.

रेनान्ते


लिबाओन
१२ ऑक्टोबर २०१६

रेनान्ते,

मायलिनला हजार ओळी नाही लागल्या. अकरा मिनिटं लागली.

१८ जून २००८. दुपारी दोन वाजून चाळीस. ती ओळ टाकणाऱ्याचं नाव: अलिमांगो_७.

तुला अलिमांगो कोण म्हणायचं ते मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, आणि म्हणणारा समुद्रात आहे. लहानपणी तू त्याचं बोट धरलंस की चिखलातल्या खेकड्यासारखा सोडायचा नाहीस, म्हणून त्यानेच ठेवलं होतं ते नाव. आणि तू ते वर लावून खाली त्याच्याबद्दल हे लिहिलंस.

दोन महिने मला नियम शिकवत होतास. पुरावा, तटस्थपणा, नातेवाइकाने हात लावायचा नाही. पुसायला हात लावायचा नाही आणि लिहायला लावायचा? कुठून आणलंस हे तोंड?

मी चिडून मायलिनचा फोन आपटणार होते, तिचा म्हणून ठेवला.

सोबत अहवालाचं नववं पान पाठवतेय. ते गहाळ नव्हतं. मी काढून ठेवलं होतं, मुद्दाम. वाचलंस की कळेल का ते. आणि मला फक्त एवढंच कळव, की तुला हे सांगितलं कुणी.

सिदाद


मनिला
२० ऑक्टोबर २०१६

तिया,

तीन कागद फाडले. हा चौथा.

मी एकोणीस वर्षांचा होतो. कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत बसलो होतो. आपल्या बोटीवर दोनच ओळींचा लेख होता आणि वर पाटी होती, 'कारण उपलब्ध नाही, माहिती असल्यास भर घाला.' मला माहिती होती. निदान मला तसं वाटत होतं. आपल्या गावाबद्दल आख्ख्या जगात मी पहिला लिहिणार, याचं मला केवढं कौतुक वाटलं. ओळ टाकली आणि खाली कॅन्टीनला जाऊन मित्रांना कोला पाजला.

सांगितलं पपांनी. एकदा नाही, दर वर्षी. सान हुआनच्या सणाला तागायला बसले की तिसऱ्या-चौथ्या फेरीला पपा थोरल्या भावाच्या आठवणीने रडायचे आणि म्हणायचे, "मानोंगने त्या दिवशी प्यायला नको होती." माझा बाप रडत रडत सांगतोय ते खोटं असेल, असं मला कधी वाटलंच नाही. तियो पेला ओततात हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, तरी वाटलं नाही.

तीन वर्षांनी कुणीतरी त्या ओळीला सात नंबरची टीप लावली. मी पाहिलं आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, बघ, पेपरातही आलं, म्हणजे खरंच असणार. माझीच ओळ मला परत मिळाली आणि मी ती ओळखली नाही. त्यानंतर मी कारभारी झालो, शेकडो लोकांना पुराव्यावर व्याख्यानं दिली. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी जुनी नोंद उघडून पाहिली होती, माझी ओळ पेपराच्या तीन वर्षं आधीची निघाली. ऑगस्टमध्येच. मला ऑगस्टपासून माहीत होतं, तिया. तुम्ही बोटीत डोळे मिटून बसला होतात तेव्हाही मला माहीत होतं.

आता नववं पान. "कप्तानाने निघण्यापूर्वी गर्दीबद्दल लेखी आक्षेप घेतला व बोट सोडण्यास नकार दिला. धक्क्यावरील तिकीट-कारकून देल्फिन ताबानाओ याने प्रवासी एकशे अडतीस असल्याचे सही करून दिल्यावर कप्तानाने बोट सोडली." भावाने सही दिली म्हणून भावाने बोट सोडली. ही सही माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असायची. तुम्ही हे पान का काढून ठेवलंत तेही कळलं. आणि मी तेच पान नाही म्हणून तुमचा अहवाल अपुरा ठरवला.

पपांना फोन केला. मी "नववं पान" एवढंच म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

मी काल चर्चेच्या पानावर सगळं लिहिलं, खऱ्या नावाने. अलिमांगो_७ मी आहे, ओळ मी टाकली, तिला आधार नव्हता. उत्तर आलं: "सदस्य स्वतः कप्तानाचा पुतण्या असल्याचे मान्य करतो. आठ वर्षांनंतर दिलेली वैयक्तिक साक्ष ग्राह्य नाही. हितसंबंध लपवल्याबद्दल सदस्याचे अधिकार काढून घेण्यात येत आहेत." ओळ तशीच आहे. नियम बरोबर आहेत, तिया, शब्द न् शब्द बरोबर आहेत. मीच त्यातले काही लिहिलेत.

हे पत्र आणि नववं पान फादर क्रिसान्तोंना दाखवा. पपांचं काय व्हायचं ते होऊ दे. दगडाचं काम अजून थांबवता येईल. तुम्ही मला आणि पपांना माफ करू शकाल का, हे विचारायची माझी लायकी नाही, पण विचारतोय.

रेनान्ते


लिबाओन
९ नोव्हेंबर २०१६

रेनान्ते,

तुझं पत्र घेऊन मी सत्तावीस तारखेला समितीत गेले. नववं पानही नेलं.

आधी तुला एक सांगते. तिकिटांचं मला पंधरा वर्षं ठाऊक होतं. चौकशी चालू असताना देल्फिन माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाया पडला होता. म्हणाला, "मानांग, पोरगं बारा वर्षांचं आहे, मी आत गेलो तर त्याचं काय?" मी तुझ्याकडे बघून गप्प बसले. म्हटलं, लाउरो तर गेला, आता निदान घर मोडायला नको. त्याच्या बदल्यात तो काय करत होता ते मला माहीत नव्हतं. मी त्याची सही झाकत होते आणि तो माझ्या नवऱ्याच्या तोंडाला दारूचा वास लावत होता. इतका राग मला समुद्राचाही आला नव्हता.

फादरांनी दोन्ही कागद नीट वाचले. मग मला विचारलं, "सिदाद, हे पान इतकी वर्षं कुठे होतं?" मी म्हटलं, पासिताच्या पेटीत, आणि माझी प्रत वाळवीने खाईपर्यंत माझ्याही. "मग तेव्हा का नाही बोललीस?" मी देल्फिनकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तो उठला, अगदी शांतपणे म्हणाला, "सही माझ्यासारखी दिसते खरी. पण फोटोकॉपी आहे, कुणीही करेल. आणि माझा मुलगा मनिलाला राहून डोक्याने थकलाय, त्याची तिथली जागाही काढून घेतलीय म्हणे. त्याचं काय मनावर घ्यायचं?" बोलता बोलता त्याने डोळे पुसले. लोकांना त्याची दया आली रे. तुझ्या बापाची!

माएस्त्रा लेतिंगने फोन काढला. बराच वेळ वरखाली केलं आणि म्हणाली, "ज्ञानकोशात तर यातलं काहीच नाही."

झालं मग. दगडही तोवर कोरून झाला होता.

एक तारखेला तीर्थ शिंपडलं. भाताची गोड सुमान वाटली, बिबिंगका वाटली. नावं वाचायला देल्फिनला उभं केलं, त्याचा आवाज चांगला म्हणून. मी मागे उभी होते. एकसष्टावं नाव वाचून तो थांबला. मला वाटलं, आता. आता म्हणेल. भाऊच आहे शेवटी. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली उतरला.

मी घरी येऊन खूप रडले. लपवत नाही तुझ्यापासून.

काल संध्याकाळी मायलिन आली. बराच वेळ दारातच घुटमळली, मग तिने फोन दाखवला. लेखात आता दगडाचा फोटो आहे. छान आलाय, नावं स्पष्ट वाचता येतात. माएस्त्रा लेतिंगने चर्चच्या पत्रकात छापलं होतं की ज्ञानकोशातली माहिती विचारात घेऊन कप्तानाचं नाव वगळलं. ते पत्रक तुमच्या तटस्थ_नाविकाने कुठून तरी मिळवलं. माझी ती "कुटुंबीयांनी नाकारले आहे" ओळ त्याने काढून टाकलीय. त्या जागी लिहिलंय: "कप्तान मद्यधुंद असल्याचे गावकऱ्यांनीही मान्य केले असून स्मारकावर त्याचे नाव कोरलेले नाही." पुढे आठ आकडा. आठ म्हणजे आमच्या चर्चचं पत्रक. छापील आहे, त्रयस्थ आहे, गावातलंच आहे. तुला हवं होतं तसं.

माफीचं विचारलं होतंस. तुला शिव्या द्यायला बसले तर डोळ्यांसमोर ते बारा वर्षांचं पोर येतं, माफ करायला बसले तर ऑगस्ट महिना येतो. मला जमत नाहीये. नाताळला येऊ नकोस. आलास तर बापाकडे उतर.

मायलिनने जाताना विचारलं, "नांग सिदाद, चर्चेच्या पानावर काही लिहायचंय का? मी लिहून देते." मी म्हटलं, नको गं. मी त्याची बायको आहे. मी तटस्थ नाही.

फेलिसिदाद ताबानाओ